अजिंठ्यांतील महापरिनिर्वाण

जन्म, विवाह, युद्ध आणि विजय हे प्रसंग शिल्पकाराला सदैव अनुकूल असतात. त्यांत गति असते, वेगवेगळे अंगविक्षेप असतात, पाहणाराचें मन गुंतवून ठेवणारी घटना असते. मरणाचा प्रसंग तसा नाहीं. तेथें घडावयाचें तें घडून गेलेलें असतें, आणि मुख्य पुरुष निश्चल पडलेला असतो. त्यांतही, ज्याच्या अंताला त्याचे अनुयायी मृत्यु हें नांवच देत नाहींत, अशा पुरुषाची अखेरची घटका दगडांत कशी उतरवावी, हा प्रश्न मोठा बिकट होय. जो गेला त्याची शांति दाखवावी, तर मागें राहिलेल्यांच्या शोकाचें काय करावें? आणि शोक दाखवावा, तर ज्यानें जन्मभर आसक्ति सोडण्याचा उपदेश केला, त्याच्या उपदेशाला बाध येत नाहीं काय?

भारतांतील बौद्ध शिल्पकारांनीं हा प्रश्न अनेक शतकें हाताळला. त्याचें सर्वांत भव्य आणि कदाचित् सर्वांत उदार उत्तर महाराष्ट्रांत, अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेलें आहे.

अजिंठ्याचीं सुमारें तीस लेणीं वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, काळ्या कातळाच्या उभ्या कड्यांत खोदलेलीं आहेत. बहुतेक प्रवासी तेथें जातात ते चित्रें पाहण्यासाठीं. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतील भित्तिचित्रें पाहून डोळे तृप्त होतात, पाय थकतात, आणि मग रांगेच्या दुसऱ्या टोकाकडील सव्विसाव्या लेण्याशीं पोंचल्यावर घाईनें एक दृष्टि टाकून पुष्कळजण माघारे फिरतात. वस्तुतः हें लेणें स्वस्थपणें पाहण्याजोगें आहे. तें चैत्यगृह आहे. म्हणजे भिक्षूंच्या निवासाची जागा नसून पूजेची जागा आहे. दोहों बाजूंस खांबांच्या रांगा, वर कमानदार छत, शेवटीं स्तूप, आणि खांब व भिंत यांच्यामधून स्तूपाला प्रदक्षिणा घालण्याची वाट, अशी त्याची रचना आहे.

डाव्या बाजूच्या दारानें आंत शिरतांच भिंतीवर बुद्धाची पहुडलेली प्रचंड मूर्ति दिसते. तिची लांबी सुमारें २३ फूट आहे. एवढी मोठी आकृति एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. प्रदक्षिणेच्या वाटेनें चालणारा माणूस प्रथम मस्तकाशीं येतो आणि पावलें टाकीत टाकीत चरणांपाशीं पोंचतो. मूर्ति उजव्या कुशीवर आहे. उजवा हात उशीवर मस्तकाखालीं घेतलेला असून डावा हात अंगावरून सरळ पसरलेला आहे. डोळे मिटलेले आहेत. वस्त्र अंगाला असें लपेटलें आहे कीं, त्याखालील शरीराची ठेवण जशीच्या तशी उमटावी. वेदनेची एकही रेषा मुखावर नाहीं. मस्तकाशीं एक आणि पायांशीं एक असे दोन शालवृक्ष आहेत. मंचकाच्या पुढें एका तिवईवर पाण्याचें पात्र ठेवलेलें आहे. मंचकाखालीं शोक करणाऱ्यांची रांग बसलेली आहे, आणि वरच्या बाजूस आकाशांतील दिव्यगण आहेत.

ह्या दृश्याचा आधार पाली वाङ्मयांतील दीघनिकायाचें महापरिनिब्बाणसुत्त हा होय. बुद्धाच्या अखेरच्या प्रवासाची ही हकीकत मोठी साधी आणि हृदयस्पर्शी आहे. महाराष्ट्रांतील वाचकांना ती धर्मानंद कोसंबी यांच्या मराठी लेखनानें जवळची करून दिली. ऐंशीं वर्षांचा वृद्ध गुरु राजगृहाहून निघून गांवोगांव फिरत उत्तरेकडे जातो. वैशालीजवळ वर्षाकाल काढीत असतां त्याला कठीण दुखणें येतें. पुढें पावा येथें चुंद नांवाच्या लोहाराच्या घरचें भोजन घेतल्यावर प्रकृति पुन्हां बिघडते. आपल्या अन्नानें गुरु गेला असा ठपका चुंदावर येऊं नये, अशी काळजीही तो त्या स्थितींत घेतो. हिरण्यवती नदी ओलांडून तो कुसिनारेच्या मल्लांच्या शालवनांत येतो, आणि दोन शालवृक्षांच्या मध्यें उत्तरेकडे डोकें करून उजव्या कुशीवर पडतो. ऋतु नसतां शालवृक्षांना बहर येतो, आणि आकाशांतून मांदारपुष्पें व दिव्य वाद्यांचा नाद येतो, असें सूत्रांत म्हटलें आहे. हें कुसिनारा म्हणजेच आजच्या उत्तर प्रदेशांतील कुशीनगर.

आरंभींच्या शिल्पकारांनीं हा प्रसंग कोरलाच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. सांची येथील तोरणांवर बुद्धाची मानवी आकृति कोठेंही नाहीं. बोधिवृक्षानें त्याची संबोधि सुचवावी, चक्रानें पहिला उपदेश सुचवावा, आणि स्तूपानें परिनिर्वाण सुचवावें, अशी त्या काळची रीत होती. स्तूपाभोंवतीं हात जोडून उभे असलेले लोक दिसले कीं पाहणारानें काय तें ओळखावें. तेथें शय्या नाहीं, शव नाहीं आणि रुदनही नाहीं.

शय्या प्रथम आली ती गांधार देशांत, म्हणजे आजच्या पाकिस्तानांतील पेशावरच्या खोऱ्यांत व त्याच्या आसपासच्या प्रदेशांत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून तेथें करड्या पाषाणांत बुद्धचरित्राच्या पट्टिका कोरल्या जाऊं लागल्या. भूमध्यसमुद्राकडील ग्रीक-रोमन शिल्पांची ओळख असलेल्या त्या कारागिरांना शय्येवर पहुडलेला मृत आणि त्याभोंवतालचे शोकमग्न आप्त हा विषय नवा नव्हता. कांतीव पायांचा मंचक, त्यावर जाड गादी, आणि त्यावर प्रभामंडलासह पहुडलेला बुद्ध अशी योजना त्यांनीं केली. परंतु त्यांचें खरें कौशल्य भोंवतालच्या गर्दींत आहे. मागें मल्ल सरदार हात उंच करून आक्रोश करतात. जन्मभर वज्र घेऊन बुद्धाच्या पाठीशीं उभा राहिलेला वज्रपाणि शोकानें जमिनीवर कोसळतो. एक भिक्षु खालीं पडलेला असतो आणि दुसरा त्याला हात देऊन उठवीत असतो. हे दोघे आनंद आणि अनुरुद्ध असावेत, असें बहुधा मानलें जातें. पायांकडे महाकाश्यप उभा असतो, आणि हातांत फूल घेतलेला आजीवक पंथाचा नग्न साधु त्याला ती दुःखद वार्ता सांगत असतो.

ह्या सर्व कोलाहलांत एकच आकृति निश्चल असते. मंचकाच्या अगदीं पुढें, बहुधा पाहणाराकडे पाठ करून, एक भिक्षु ध्यानस्थ बसलेला असतो, आणि जवळ तिवईवर त्याची पाण्याची पिशवी टांगलेली असते. हा सुभद्र होय. शेवटच्या रात्रीं शंका विचारण्यासाठीं आलेला हा परिव्राजक. आनंदानें त्याला तीन वेळां परत लाविलें, पण मंचकावरून तें संभाषण ऐकून बुद्धानें त्याला आंत बोलाविलें, आणि तोच बुद्धाचा अखेरचा शिष्य झाला. अजिंठ्याच्या शिल्पांत मंचकापुढें जी तिवई आहे ती ह्याच परंपरेंतून आलेली आहे. शेंकडों कोसांचें अंतर आणि दोन-तीन शतकांचा काळ ओलांडून एवढीशी वस्तु गांधारांतून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आली, यावरून शिल्पकारांच्या जगांत कल्पनांचा प्रवास किती दूरवर होत असे, याची कल्पना येते.

पांचव्या शतकांत हा विषय लहान पट्टिकांतून बाहेर पडून भव्य झाला. प्रत्यक्ष कुशीनगर येथें त्याच सुमारास सुमारें २० फूट लांबीची निर्वाणमूर्ति घडविली गेली. इ. स. १८७६ मध्यें कार्लाइल या संशोधकाला ती भग्न स्थितींत सांपडली, आणि तिचे तुकडे सांधून ती पुन्हां उभी करण्यांत आली. तिच्या आसनावरील लेखांत दान देणाऱ्या हरिबलाचें आणि मूर्ति घडविणाऱ्या दिन्नाचें अशीं दोन्ही नांवें आहेत. तीहि मूर्ति आज भाविकांच्या पूजेंत आहे. परंतु तिच्या आसनावर शोक करणाऱ्या आकृति मोजक्या आणि लहान आहेत. अजिंठ्याच्या शिल्पकाराचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं. त्यानें मात्र शोकाला भिंतीवर विस्तीर्ण जागा दिली.

ही जागा कोणती, हें नीट पाहिलें पाहिजे. भिंतीवर तीन थर आहेत. वरच्या थरांत आकाश आहे. तेथील दिव्यगणांच्या हालचालींत उत्सवाचा भाव आहे, कारण त्यांच्या दृष्टीनें ही मुक्ति आहे. मधल्या थरांत पहुडलेला बुद्ध आहे. तेथें हर्षही नाहीं आणि खेदही नाहीं. खालच्या थरांत माणसें आहेत. कोणी मान खालीं घातली आहे, कोणी गालाला हात लावून बसला आहे, कोणी पाहणाराकडे पाठ करून वर त्या निश्चल देहाकडे पाहत आहे. गांधारांतील आक्रोश येथें नाहीं. रडून रडून थकल्यानंतरची जी मूक अवस्था असते, ती ह्या रांगेंत उतरली आहे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा थर सर्वांत खालचा असल्यामुळें पाहणाराच्या सर्वांत जवळ आहे. प्रदक्षिणेच्या वाटेवर उभा असलेला माणूस नकळत त्या रांगेंतलाच एक होतो. आकाशांतील आनंदाकडे त्याला मान वर करून पाहावें लागतें. शोक मात्र त्याच्या शेजारीं बसलेला असतो.

हा शोक म्हणजे अज्ञान, असें म्हणून शिल्पकाराला तो टाळतां आला असता. सूत्रांतही दोन प्रकारच्या भिक्षूंचा भेद केलेला आहे. ज्यांची आसक्ति सुटली नव्हती ते हात पसरून रडले, जमिनीवर पडले. ज्यांची सुटली होती त्यांनीं सर्व वस्तु अनित्य आहेत हें स्मरून दुःख सहन केलें. परंतु त्याच सूत्रांत आनंदाची हकीकत आहे. सुमारें पंचवीस वर्षें आनंदानें बुद्धाची सेवा केली. पाणी आणून देणें, अंथरूण घालणें, भेटीस येणारांची व्यवस्था पाहणें हीं कामें त्यानें केलीं, आणि बुद्ध जें जें बोलला तें तें सर्व मनांत सांठविलें. शेवटची घटका जवळ आली तेव्हां तो विहारांत गेला, आणि दाराची चौकट धरून रडत उभा राहिला. आपण अद्याप शिकतच आहों, आणि आपल्यावर माया करणारा गुरु तर चालला, हें त्याच्या दुःखाचें कारण होतें.

बुद्धानें त्याला बोलावून घेतलें. प्रिय वस्तूंपासून वियोग हा ठरलेलाच आहे, हें त्यानें पुन्हां एकदां समजाविलें. पण रडल्याबद्दल दोष दिला नाहीं. उलट, दीर्घकाळ मनानें, वाणीनें आणि शरीरानें केलेल्या सेवेची त्यानें आठवण काढली, आणि जमलेल्या भिक्षूंसमोर आनंदाच्या गुणांची प्रशंसा केली. मरणाऱ्यानें मागें राहणाऱ्याचें सांत्वन करावें, असा हा प्रसंग आहे.

पुढें जें घडलें तें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या अश्रूंचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. परिनिर्वाणानंतर राजगृह येथें भिक्षूंची सभा भरली. परंपरेप्रमाणें तेथें बुद्धाचीं सूत्रें म्हणून दाखविण्याचें काम आनंदाकडे आलें, कारण तीं सर्वांत अधिक त्याच्याच स्मरणांत होतीं. जो सर्वांत अधिक रडला, त्याच्याच स्मरणामुळें गुरूची वाणी टिकली, असें परंपरा सांगते. ज्याचें मन कशांतच गुंतत नाहीं, तो कदाचित् दुःखांतून मुक्त होईल. परंतु दुसऱ्याचा शब्द न् शब्द जपून ठेवण्यास कांहीं एक माया लागते. अजिंठ्याच्या शिल्पकारानें खालच्या थरांतील माणसांना तुच्छ लेखलें नाहीं, याचें मर्म येथें सांपडतें.

हें लेणें स्वतः देखील अशाच मायेंतून निर्माण झालें आहे. त्याच्या दर्शनी भागावर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यावरून असें कळतें कीं, हें लेणें बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूनें करविलें. अश्मक देशाच्या राजाचा अमात्य भव्विराज हा त्याचा मित्र होता, आणि हें सख्य अनेक जन्मांचें होतें असें लेखांत म्हटलें आहे. भव्विराज आणि मातापिता यांच्या प्रीत्यर्थ हें सुगताचें मंदिर अर्पण केलेलें आहे. प्रत्यक्ष खोदकामावर धर्मदत्त आणि भद्रबंधु ह्या दोन भिक्षूंनीं देखरेख केली. लेखांत एक विचारही आला आहे. जोंवर मनुष्याची आठवण जगांत टिकून आहे तोंवर तो स्वर्गांत सुख भोगतो; म्हणून चंद्रसूर्य असेतोंवर राहील असें स्मारक पर्वतांत करावें, असा त्या विचाराचा आशय आहे.

येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. दाराबाहेर लेख म्हणतो कीं, चिरकाल टिकेल असें कांहीं करा. दारांतून आंत गेल्याबरोबर डाव्या भिंतीवर तोच पुरुष पहुडलेला दिसतो, ज्याचे अखेरचे शब्द सर्व संस्कार नाशवंत आहेत, हेंच सांगणारे होते. हा विरोध बुद्धभद्राच्या ध्यानीं आला नसेल असें संभवत नाहीं. तो विद्वान् भिक्षु होता. परंतु मित्राला आणि मातापित्यांना विसरून जाणें हा अनित्यतेचा धडा होय, असें त्याला वाटलें नाहीं. देह राहत नाहीं हें मान्य करावें, आणि तरीही जे गेले त्यांच्यासाठीं छिन्नी हातीं घेववावी, हा त्यानें काढलेला मार्ग होय. कातळांत कोरावयाचें म्हणजे चुकलेला घाव भरून काढतां येत नाहीं, आणि काढलेला दगड पुन्हां जोडतां येत नाहीं. २३ फुटांची ती शांत आकृति अशा असंख्य सावध घावांनीं, भिंतीचा दगड काढीत काढीत प्रकट झालेली आहे. जें निघून गेलें त्यांतूनच जें उरलें तें दिसूं लागलें.

ह्या शिल्पाचें स्थानही अर्थपूर्ण आहे. त्याच भिंतीवर पुढें माराच्या आक्रमणाचें दृश्य आहे. बोधिवृक्षाखालीं बसलेल्या गौतमाला मार, त्याचें सैन्य आणि त्याच्या कन्या हे चळवूं पाहतात, आणि तो अढळ राहतो. तेथून वाट स्तूपाकडे जाते. स्तूप म्हणजे मुळांत अस्थींचें स्मारक. कुसिनारेला दहन झाल्यावर अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभारले गेले, असें सूत्र सांगतें. परंतु सव्विसाव्या लेण्यांतील स्तूप नुसता गोल नाहीं. त्याच्या दर्शनी बाजूला पाय खालीं सोडून आसनावर बसलेला, उपदेश करणारा बुद्ध कोरलेला आहे. म्हणजे प्रदक्षिणा करणारास प्रथम मृत्यु दिसतो, मग मोहावरचा विजय दिसतो, आणि वाट पुरी करून तो समोर येतो तेव्हां बुद्ध बसून बोलत असतो. शोकापासून उपदेशापर्यंतची ही वाट थोड्याच पावलांची आहे. पण ती मंचकाखालच्या त्या मूक रांगेजवळून जाते, तिला टाळून जात नाहीं.

पुढें काळानें ह्या लेण्याची परीक्षा पाहिली. पांचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटकांचें साम्राज्य मोडलें, आश्रयदाते गेले, आणि अजिंठ्यांतील काम थांबलें. अनेक लेणीं अर्धवट राहिलीं. हळूहळू भिक्षूही गेले, आणि दरींत रान माजलें. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास सैन्यांतील जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानें त्या खोऱ्यांत आला, आणि हीं लेणीं पुन्हां जगापुढें आलीं. इ. स. १९८३ मध्यें युनेस्कोनें अजिंठ्याची गणना जागतिक वारशांत केली. मधल्या शतकांत सव्विसाव्या लेण्यांत दीप लागला नाहीं, घंटा वाजली नाहीं. भव्विराजाच्या राजाचें राज्य कोठवर होतें हें आज अभ्यासकांना शोधावें लागतें. परंतु मित्राचें नांव दगडावर राहिलें, आणि मंचकाखालची ती रांग आपल्या जागेवरून उठली नाहीं.

आज त्या दारानें आंत जाणारामध्यें बौद्ध असतो, हिंदु असतो, परदेशीं प्रवासी असतो, शाळेच्या सहलीबरोबर आलेलें मूल असतें. त्यांतील पुष्कळांना सूत्र ठाऊक नसतें, आणि आनंदाचें नांवही त्यांनीं ऐकलेलें नसतें. तरी घरांतील एखादें वडील माणूस गेल्यानंतर त्याच्या अंथरुणाशेजारीं जे बसले होते, त्यांना गालाला हात लावून बसलेल्या त्या दगडी माणसाची ओळख पटण्यास वेळ लागत नाहीं. वर आकाश प्रसन्न आहे, मध्यें शांति आहे, आणि खालीं शोक करणारांना आपल्या जागीं बसूं दिलेलें आहे. तिन्ही गोष्टी एकाच भिंतीवर, एकमेकींना खोट्या न पाडतां राहूं शकतात, असें तें शिल्प पंधराशें वर्षें सांगत आहे.